यंदा कुठला?

"यंदा कुठला?"

मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. आत येऊन बोलायची त्यांची रीतच नव्हती. आत्याबाई सुपात हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सांगते."

मामंजी हलले नाहीत. आपल्याला ऐकू आलं नाही की काय, असं वाटून ते क्षणभर तसेच थांबले, मग चपला सरकवून बाहेर गेले. मी मोरीपाशी चिंच लावून पितळी डबे घासत होते, माझा हात तिथल्या तिथे थांबला. त्या घरात माझं ते दुसरंच वर्ष होतं, पण एवढं मला कळलं होतं की या प्रश्नाला 'सांगते' असं उत्तर नसतं. उत्तर असायचं मोरपंखी, नाहीतर पिस्ता, नाहीतर गुलबक्षी.

आता आधी माणसं सांगते. मामंजी म्हणजे माझे सासरे, नरहर वायचळ. बार्शीतल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली, त्यामुळे गावाला ते ड्रॉइंग मास्तर. स्वभावानं इतके अबोल, की आमच्या घरात भिंती बाबांपेक्षा जास्त बोलतात, असं आमचे हे म्हणायचे. हे म्हणजे दिगंबर, पोस्टात होते. आणि आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मथुराबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. बाई अंगानं काटकुळी, पण दिवसभर हात चालू आणि ओठाच्या कोपऱ्यात कायम एक हसू दडलेलं.

दरवर्षी कोजागिरी झाली की मामंजी आत्याबाईंना हा एक प्रश्न विचारायचे, आणि त्या सांगतील तो तेलरंग आणून स्वयंपाकघराच्या भिंती आणि घराची सगळी दारं-खिडक्या स्वतःच्या हातानं रंगवायचे. रंगारी कधी बोलावला नाही. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून दोन दिवस सगळं कडेकोट बंद ठेवायचे, आणि वसुबारसेला घर असं लखलखायचं की गल्लीतल्या बायका बघायला यायच्या.

फक्त ते बघायला आत्याबाई घरात नसायच्या. त्या पांगरीला भावाकडे जायच्या आणि भाऊबीज आटोपून परत यायच्या. का, तर त्यांना दिवाळी सोसत नाही. हे वाक्य मी लग्नाच्या बोलणीतच ऐकलं होतं. कुणाला वांगं सोसत नाही, कुणाला दही सोसत नाही, तशी यांना दिवाळी सोसत नाही. दिवाळी आली की छाती भरते, धाप लागते, शिट्टी वाजल्यासारखा श्वास वाजतो. फटाक्यांचा धूर, दुसरं काय. सगळ्यांनी हे मान्य करून टाकलं होतं. मुलाला आईच्या हातची करंजी दिवाळीनंतर मिळायची आणि त्याचंही कुणाला काही वाटत नव्हतं.

मला मात्र वाटायचं. मला लहानपणापासून चौकशीची खोड. माझी आई म्हणायची, या कार्टीला ताटात वाढलेल्या भाताचंसुद्धा कूळ हवं असतं. त्यामुळे अख्खी दिवाळी सोसत नाही म्हणजे नेमकं काय सोसत नाही, हा किडा माझ्या डोक्यात वळवळायला लागला तो थांबेना.

आणि त्या वर्षी तो नुसता किडा राहिला नाही. आदल्या वर्षी मी दिवाळसणाला माहेरी गेले होते. पाहुणे होते म्हणून आत्याबाईंना पांगरीला निघायला उशीर झाला आणि रात्रीतून त्यांचा श्वास असा अडकला की यांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. प्राणवायूचं नळकांडं लावायला लागलं. डॉक्टर यांना बाजूला घेऊन म्हणाले, यावेळी निभावलं, पुढच्या खेपेला मी शब्द देत नाही. आणि यंदा पांगरीचं दारच बंद झालं होतं. भाऊ आणि भावजय मुलाकडे सुरतेला निघून गेले होते, घराला कुलूप होतं. निरोप आला तेव्हा आत्याबाई 'बरं झालं, मुलापाशी राहतील' एवढंच म्हणाल्या, पण दसऱ्यापासून त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातलं हसू दिसत नव्हतं.

तर असा मामला होता. दिवाळी तोंडावर आलेली, आत्याबाईंना जायला जागा नाही, आणि राहिल्या तर जीवावर बेतणार. यांना विचारलं तर म्हणाले, एखादी खोली बघू कुठंतरी, तुळजापूरला नाहीतर कुठं, आठवडाभर. आईला सणासुदीला भाड्याच्या खोलीत ठेवायची, हे ऐकून माझा संताप झाला. मी म्हटलं, आधी शोधून तर काढू काय सोसत नाही ते. हे म्हणाले, "वैजू, माझ्या जन्मापासून सोसत नाहीये. तू आता काय शोधणार?"

मग काय, मी पदर खोचला.

पहिली उचलबांगडी झाली ती डांबरगोळ्यांची. आत्याबाईंची रेशमी लुगडी ज्या पेटीत होती ती उघडली की डोळ्यांतून पाणी यायचं. गोळ्या फेकल्या, लुगडी सावलीत वाऱ्यावर टाकली आणि पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे घातले. मग फिनेल बंद. रिठ्याच्या पाण्यानं फरशा पुसल्या, मोरीला लिंबाच्या साली घासल्या. डासांची कॉइल बंद, माळ्यावरची मच्छरदाणी खाली आली. उदबत्ती बंद केली तेव्हा मामंजींनी उदबत्तीच्या रिकाम्या घराकडे बराच वेळ बघितलं. आमचे हे म्हणाले, "आता देवांनाही हवापालटाला पाठव." मी देवापुढे शेवंती ठेवली. तळणाचा स्टो उचलून मागच्या दारात नेला, म्हणजे धूर परसात जाईल.

आत्याबाई माझ्या मागं मागं हिंडत मी सांगेन ते करायच्या. कधी कधी मी काहीतरी हुंगत उभी असायची आणि त्या माझ्याकडे बघत असायच्या, गमतीनं म्हणावं तर तसंही नाही. एकदा म्हणाल्या, "तू पोलिसात जायला हवी होतीस."

घर खरंच हलकं झालं होतं. सकाळी उठल्यावर आपलं नाक आपल्याला मोकळं लागायचं. मला तेव्हा तिसरा महिना होता आणि बटाट्याच्या फोडणीनंसुद्धा पोटात ढवळायचं, पण त्या घरात मला बरं वाटायला लागलं. सगळं झालं आणि मग एक दिवस केरसुणी हातात धरून मी मटकन खाली बसले. माझ्या लक्षात आलं की मी शुद्ध मूर्खपणा केला. उदबत्ती घरात रोज लागत होती. फिनेल रोज होतं. पेटी तर महिन्यातून दोनदा उघडायची. यातलं काहीही आत्याबाईंना बारा महिने त्रास देत नव्हतं. बाई वर्षभर ठणठणीत, आणि फक्त दिवाळीत आजारी. म्हणजे मला शोधायचं होतं ते फक्त दिवाळीत घरात येणारं काहीतरी.

फटाके. फिरून फिरून तिथंच. म्हटलं ठीक आहे, मग गल्लीशी भांडू. पोरांनी फटाके शाळेच्या मैदानावर उडवावेत असं घरोघर जाऊन सांगायचं मी ठरवलं आणि सुरुवात केली शेजारच्या सोजरबाईंपासून. सोजरबाई म्हणजे गल्लीची पंचायत, सगळ्यांचं सगळं ठाऊक. त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी माझं पालुपद लावलं, आत्याबाईंना फटाक्यांच्या धुरानं असं होतं आणि तसं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फटाक्यानं? छ्या. मास्तरांचा हात मोडला त्या दिवाळीला मथुराबाई हितंच होत्या की. ह्या माझ्या दारात उभ्या राहून भुईनळं लावलं त्यांनी. धुरात नुसत्या गडप. आणि हसताय्‌त खो खो."

मी विचारलं, त्यांना काही झालं नाही? त्या म्हणाल्या, काय व्हायचंय, चांगल्या टुणटुणीत होत्या, पाडव्याला अख्ख्या गल्लीला अनरसे वाटले. मास्तर सायकलवरून पडले होते, उजवा हात गळ्यात, त्यामुळे त्यांचं सगळं बाईंनाच करावं लागायचं, म्हणून त्या पांगरीला गेल्या नाहीत. आणि वर म्हणाल्या, "तेवढ्याच वर्षी तुमचं घर बिनरंगाचं राह्यलं."

शेंगांची मूठ त्यांनी माझ्यापुढं केली होती. मी ती घेतली की नाही, मला आठवत नाही.

परसात आत्याबाई नव्या पणत्या बादलीत भिजत घालत होत्या. कोऱ्या पणत्या तेल पितात म्हणून आधी त्यांना पोटभर पाणी पाजायचं. बादलीतून बुडबुड्यांचा बारीक आवाज येत होता. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, मामंजींचा हात मोडला होता त्या दिवाळीत तुम्ही भुईनळे उडवलेत."

त्यांनी हातातली पणती पाण्यात सोडली. "सोजरनं सांगितलं?"

"तुम्हाला दिवाळी सोसते. तुम्हाला रंग सोसत नाही."

 मला वाटलं, आता त्या चकित होतील, कपाळावर हात मारतील, इतकी साधी गोष्ट कशी कळली नाही म्हणतील. मी तर त्यासाठी जवळजवळ हसायच्या तयारीत होते. त्यांनी फक्त दाराकडे बघून घेतलं आणि हळूच विचारलं, "कुणाला बोललीस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, आणि मी आपली पेट्या हुंगत फिरत होते.

मला रडूच कोसळलं. म्हटलं, तुम्ही मरायला टेकला होतात गेल्या वर्षी, एक शब्द बोलायला काय झालं होतं. त्यांनी ओल्या हातानंच माझा हात धरला आणि पणत्यांकडे बघत सांगितलं. त्या नव्या नवरी होऊन आल्या तेव्हा हे स्वयंपाकघर काळंकुट्ट होतं. एकच खिडकी, चुलीचा धूर, भिंतीवर काजळीचा थर. सासू कडक. नवऱ्यानं बायकोशी दिवसाउजेडी बोलायचं नाही ही घरची शिस्त, आणि नवरा तर एकट्यात असला तरी बोलणारा नव्हे. एकदा पीठ मळताना त्या आपल्याशीच म्हणाल्या, इथं दिवससुद्धा रात्रीसारखा वाटतो. मामंजी तेव्हा न्हाणीघरात पाय धूत होते.

"दिवाळीच्या तोंडावर शाळेतून रंग घेऊन आले. नाटकाचा पडदा रंगवून उरलेला. त्या पडद्यावर आभाळ होतं, तो निळा. सासूबाई बोंबलत होत्या, पोरगा चळला म्हणून. हे खाली मान घालून भिंत रंगवत होते. रंगवून झाल्यावर दारात उभं राहिले आणि माझ्याकडे बघितलं. असं बघितलं गं." त्या थांबल्या. "त्या संध्याकाळी माझा श्वास जड झाला. मला वाटलं, आनंदानं घसा दाटलाय."

पुढच्या वर्षी कळलं की तो आनंद नव्हता. पण तोपर्यंत मामंजी दारात येऊन विचारायला लागले होते, यंदा कुठला. "वर्षातून तेवढं एकच विचारतात ते मला," आत्याबाई म्हणाल्या. "बाकी भाजी कुठली हेसुद्धा विचारत नाहीत. ते कसं काढून घेऊ मी? पांगरी जवळ होती, जमून गेलं."

मी म्हटलं, आता पांगरी नाही. त्यांनी मान हलवली. तुळजापूरला खोली घेऊन राहीन म्हणाल्या, आणि मला शपथ घातली, पोटातल्या बाळाची, की मी मामंजींना यातलं काही सांगायचं नाही. अशी शपथ घातल्यावर मी काय बोलणार.

तरी गप्प बसेन तर मी कसली. दुसऱ्या दिवशी मामंजी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून साफ करत होते, तेव्हा मी सहज बोलल्यासारखं म्हटलं की माझ्या माहेरी अजून चुनाच देतात, पिवडीची पिवळी पूड घालून, छान थंडावा राहतो. मामंजींनी ब्रश झटकला. "चुना गोठ्याला देतात," ते म्हणाले. "माणसं राहतात तिथं रंग देतात." त्यांच्या मानानं ते भाषणच होतं. माझी वाट तिथं संपली.

दोन दिवसांनी ते पुन्हा उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची वेळ त्यांच्यावर बहुधा कधी आली नसावी. जरा अवघडूनच म्हणाले, "यंदा कुठला? दुकानदार माल संपेल म्हणतोय."

मी पोळ्या लाटत होते, आत्याबाई भाजत होत्या. त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाल्या, "यंदा राहू दे. वैजूला दिवस आहेत. वासानं मळमळतं तिला."

मी चमकून बघितलं. मला रंगाच्या वासानं कधी मळमळलं नव्हतं, पण मी लगेच तोंडाला पदर लावला. मामंजींनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि विचारात पडले. मला वाटलं, सुटलो. सुनेच्या नावावर खपून गेलं, कुणाचं मन मोडलं नाही. मग ते म्हणाले, "बरोबर आहे. दारंखिडक्या राहू देत. सूनबाईंना हवं तर महिनाभर माहेरी पाठवू." आणि आत्याबाईंकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "पण तुझं स्वयंपाकघर करतो. दार लावून घेईन. बाहेर वास येऊ देणार नाही. ते कसं राहील?"

तव्यावरची पोळी करपली. आत्याबाईंनी ती काढली नाही. त्या उठून दारापर्यंत गेल्या, म्हणजे दोघांच्या मध्ये फक्त उंबरा राहिला.

"मला सोसत नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तेलरंग. दिवाळी सोसते मला. रंग सोसत नाही. श्वास कोंडतो."

मामंजी बघत राहिले. त्यांच्या बोटांच्या पेरांवर जुन्या रंगाचे ठिपके कायमचे बसले होते, ती बोटं त्यांनी सदऱ्याच्या कडेला पुसायला सुरुवात केली. बराच वेळ पुसत होते. मग विचारलं, "कधीपासून?"

आत्याबाई म्हणाल्या, "आभाळापासून."

ते वळले आणि बाहेर गेले. चपलाही घातल्या नाहीत. सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. आत्याबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, बोलायला नको होतं गं, त्यांचं सगळं गेलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुपार झाली तरी मामंजी जेवायला आले नाहीत. हे पोस्टातून आले, त्यांना सगळं सांगितलं, तर तेही खाटेवर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "आपण सगळे तिला स्टँडवर सोडायला जायचो." 

उन्हं उतरता उतरता सायकल दारात वाजली. मागच्या कॅरियरवर गोणपाटात बांधलेले चुनकळीचे खडे होते, हँडलला पिवडीची पुडी आणि डिंकाचा पुडा. पाय धुळीनं माखलेले, आणि पायांत चपला नाहीतच. मामंजींनी कुणाकडे बघितलं नाही. गोणपाट परसात उतरवलं आणि यांना म्हणाले, जुनं पिंप दे.

पण चुना तेलरंगावर धरत नाही. त्यासाठी आधी जुना रंग काढायला हवा, आणि तो काही एका वर्षाचा नव्हता. मामंजींनी आत्याबाईंना आणि मला धुळीत थांबू दिलं नाही. भिंती ओल्या करून ते पत्र्यानं खरवडत होते तितके दिवस आम्ही दोघी सोजरबाईंच्या घरी होतो. जेवणाचा डबा द्यायला मी यायची तेव्हा खिडकीतून बघायची. वर वर मोरपंखी निघाला, त्याखाली पिस्ता, त्याखाली गुलबक्षी, मग असे रंग की ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती. प्रत्येक थर आत्याबाईंनी एका शब्दात मागितलेला, आणि मग पांगरीच्या गाडीत बसून त्यापासून लांब गेलेल्या. मामंजी एकेक पापुद्रा हातात घेऊन बघायचे आणि टोपलीत टाकायचे. सगळ्यात शेवटी निळा लागला. तो त्यांनी काढला, पण दिव्याच्या कोनाड्यात तळहाताएवढा तसाच ठेवला. जुना मुरलेला रंग तो, त्याला कसला वास.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी चुना द्यायचं ठरलं. त्याच्या आदल्या संध्याकाळीच पिंपात पाणी ओतल्यावर चुनकळी अशी खदखदली की आम्ही मागं सरलो. सकाळपर्यंत चुना निवला, गाळून झाला, त्यात पिवडी आणि डिंकाचं पाणी पडलं. त्या घरात पहिल्यांदाच रंगकामाच्या दिवशी सगळी दारं, सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. आणि पहिल्यांदाच आत्याबाई रंगकाम बघायला घरात होत्या. मी परसातल्या दारात बसून करंज्यांचं सारण भाजत होते, तिथून मला दोघंही दिसत होते.

मामंजींनी कुंचल्याचा पहिला हात मारला आणि थबकले. दुसरा मारला. तिसरा. मग शिडीवरूनच खाली बघून म्हणाले, "हे तर काहीच दिसत नाहीये. नुसती भिंत ओली झाली."

जन्मभर रंग शिकवलेला माणूस, पण त्यांचा हात तेलरंगावर बसलेला. तेलरंग लावला की लगेच दिसतो, चुन्याचं तसं नाही. आत्याबाईंना ते माहेरापासून ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "वाळल्यावर दिसतो. तुम्ही मारत राहा."

"अंदाज कसा यायचा?"

"मी सांगते की."

आणि मग तो दिवस असा गेला, की मी सारण परतता परतता विसरत होते आणि ऐकत होते. मामंजी शिडीवरून विचारायचे, इथं बसला का. आत्याबाई म्हणायच्या, डावीकडे राहिलाय. ते विचारायचे, पिवडी जास्त झाली का. त्या म्हणायच्या, थोडी होऊ दे, उजेड हवाय. खिडकीशी आधी वाळलं तिथं पिवळसर उजाळा फुटायला लागला, तर ते खाली उतरून बघायला आले आणि पुन्हा विचारलं, असाच हवा होता ना. एका सकाळीत त्यांनी इतकं विचारलं, की आत्याबाईंना मधूनच हसू यायचं आणि त्या तोंड फिरवायच्या. मी त्यांच्या श्वासाकडे कान लावून होते. शिट्टी नाही, धाप नाही, काही नाही.

दुपारी शेवटचा हात देऊन मामंजी खाली उतरले. अर्धी भिंत वाळून उजळली होती, अर्धी अजून काळपट ओली होती. हातपाय धुऊन ते स्वयंपाकघराच्या दारात आले. तिथं आत्याबाई उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. मामंजी सवयीनं बाहेर थांबले, मग उंबरा ओलांडून आत आले आणि आत्याबाईंसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. एवढ्या वर्षांत त्यांना तिथं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी कढईखालची आच कमी केली.

ते भिंतीकडेच बघत होते. म्हणाले, "दरवर्षी तुला स्टँडवर सोडून यायचो. घरी आल्यावर वाटायचं, एवढं रंगवलं आणि बघायला तीच नाही. दिगूला फटाके आणायचेही बंद केले एका वर्षी. तरी तू गेलीस."

 आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि ते मामंजींनी पाहिलं, मीही पाहिलं.

मग मामंजींनी भिंतीवरची नजर काढली आणि त्यांच्याकडे बघून, शाळेत एखाद्या पोराला विचारावं तितक्या सरळपणे विचारलं, "आणखी काय काय सोसत नाही तुला?"

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. ओठाच्या कोपऱ्यातलं ते हसू परत आलं होतं. त्या जरा सरकून नीट बसल्या.

"भिंत वाळायला वेळ आहे," त्या म्हणाल्या. "बसा. सांगते."